मेमच्या सासूचा पलंग

लग्न होऊन मी धारूरला आले, त्याच वर्षी मामंजींनी एका इंग्रज इंजिनीअरच्या घरच्या हर्राजातून पलंग घेतला. साहेब निजाम सरकारच्या सडकेच्या कामावर होता. नोकरी संपवून विलायतेला निघाला, म्हणून सामान विकायला काढलेलं. घाट चढून बैलगाड्या आल्या, तेव्हा अर्धं गाव मागे होतं. चार उंच कोरीव खांब, वर छताची चौकट, शिवाय संगमरवरी माथ्याचं एक टेबल.

पलंग माडीवर मांडला. सासूबाई तिकडे फिरकल्या नाहीत. "कोन कोन निजलं आसंल त्याच्यावर! मी न्हाई बसायची." टेबल मात्र त्यांनी धुऊनपुसून स्वयंपाकघरात नेलं. त्या गार दगडावर पुरणपोळ्या लाटायला त्यांना लई आवडायचं.

पुढे एके दिवशी सकाळी दारात टांगा थांबला. उतरली ती साहेबाची मेम. पलंग कुणाच्या घरी गेला, ते विलायतेला जाण्याआधी एकदा बघायला आली होती. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. मेमने टेबल पाहिलं आणि खो खो हसत सुटली.

"इसपे साहब दाढी बनाता था!"

सासूबाईंचं लाटणं हवेतच राहिलं. मग त्याही तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

माडीवर गेल्यावर मेम खांबांवरून हात फिरवत राहिली. पलंग मुळात तिच्या सासूचा. सासूने लग्नात दिला, बोटीतून इकडे आला, आणि मेमची सगळी लेकरं त्याच्यावरच झाली. हे तिने मोडक्या दखनीत सांगितलं आणि हळूच विचारलं, "एक बार सोऊं?"

"इचारती कावून? नीज की, बाई," सासूबाई म्हणाल्या.

मेम बूट काढून आडवी झाली आणि बघता बघता घोरायला लागली. आम्ही घरभर चवड्यांवर चालत होतो. गल्लीतल्या बाया जिना चढून यायच्या, दारातून तिला बघायच्या आणि हसू दाबत उतरायच्या.

ऊन कललं तेव्हा ती लाजत खाली आली. सासूबाईंनी तिला तूप घालून पोळी वाढली. निघताना ओटी भरायची, तर झग्याला पदर कुठला? मेमने डोक्यावरची टोपी काढून पुढे धरली. नारळ, खण, तांदूळ सगळं टोपीत.

माझी धाकटी लेक त्याच पलंगावर झाली. बाळ बघायला आलेल्या बायांना सासूबाई ऐटीत सांगायच्या, "आमच्या मेमची लेकरंबी हितंच झाली."