नाहीदचे मेल बंद झाले नाहीत

चामोर्शीतल्या एका ट्रस्टच्या तीस खाटांच्या दवाखान्यात नाहीद शेख चार वर्षांपूर्वी लागली, ती केसपेपर टाइप करायला. गडचिरोलीच्या कॉलेजातून कॉम्प्युटर शिकलेली, वडिलांचं बाजारात शिलाईचं दुकान, आणि स्वभाव असा की समोर लिहिलेलं वाचल्याशिवाय पुढे जायची नाही. औषधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरंसुद्धा.

दवाखान्याचा सर्वर जुन्या एक्स-रेच्या खोलीत होता. त्याची देखभाल नागपूरच्या एका कंपनीकडे. कंपनीचा माणूस सहा महिन्यांतून एकदा यायचा, धूळ झटकायचा आणि सही घेऊन जायचा. एकदा प्रिंटर बिघडला म्हणून नाहीद त्या खोलीत गेली आणि तिने सर्वरचा इव्हेंट लॉग उघडला. मशीनची स्वतःची रोजनिशी ती. कोण आत आलं, काय चाललं, काय अडलं, सगळं मिनिटामिनिटाचं. तिथे लाल खुणांची रांग लागली होती. डिस्कचा काही भाग वाचता येत नाही, असं मशीन सांगत होतं. त्याखाली दुसरी ओळ : बॅकअप झाला नाही. अशा ओळी एक्केचाळीस दिवसांच्या होत्या.

त्या डिस्कवर काय आहे ते नाहीदला ठाऊक होतं, कारण तिनेच ते टाइप केलं होतं. सिकलसेलचे साडेआठशे पेशंट. त्यांतला एटापल्लीकडून येणारा लालसू; त्याला इतक्यांदा रक्त चढवलं होतं की आता वाटेल ती पिशवी चालत नव्हती. कोणतं रक्त चालत नाही, ते त्याच्या नोंदीत एका ओळीत लिहिलेलं. लालसूला ती ओळ वाचता येत नव्हती, आणि दुसरीकडे कुठे ती नव्हतीही.

ती व्यवस्थापक बापूरावांकडे गेली.

"सर, डिस्क खराब होऊन राह्यली. बॅकअपबी होऊन नाई राह्यला."

"तुले कोनं सांगतलं सर्वर उघडाले?" बापूरावांनी मान वर केली नाही. "ते कंपनीवाले पाह्यतात. तू केसपेपर पाह्य."

कंपनीला फोन केला तर तिकडून उत्तर आलं, "ते तसंच दाखवतं मॅडम. लक्ष देऊ नका."

नाहीदने लक्ष दिलं. दोन रविवार दवाखान्यात बसून तिने सर्वरला शिकवलं, की लॉगमध्ये लाल नोंद पडली की आपणहून मेल पाठवायचा. तिला, बापूरावांना, कंपनीला आणि मुख्य डॉक्टर दिव्यानी मॅडमना. पहिल्या दिवशी तिचाच अंदाज चुकला. प्रिंटरचा कागद संपला तरी मेल, कुणाचा पासवर्ड चुकला तरी मेल. दुपारपर्यंत एकशे त्रेचाळीस झाले. बापूराव भडकले आणि ते बरोबरच होतं. तिने चूक कबूल केली आणि यादी छाटून दोनच गोष्टी ठेवल्या : डिस्क आणि बॅकअप. शिवाय सकाळी नऊचा एक साधा मेल, "मी चालू आहे" एवढंच सांगणारा.

आठवड्याभरात बापूरावांनी बोलावलं. "हे मेल बंद कर. मॅडम मलेच विचारून राह्यल्या, कंपनीवाले वेगळे बोंबलून राह्यले."

"लेखी द्या, सर."

"काय लिहून देऊ?"

"लिहा का, डिस्क खराब असल्याची खबर आम्हाले नको. तारीख टाका, सही करा. मी लगेच बंद करते."

बापूरावांनी लिहून दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नाहीदला नोंदणीच्या खिडकीवर बसवलं आणि एक्स-रे खोलीची चावी त्यांच्या खिशात गेली. मेल मात्र येत राहिले. ते पाठवायला नाहीदची गरजच नव्हती. घरी अम्मी म्हणाली, "नौकरी गई तो?" नाहीद म्हणाली, "जाने दो. जो पढ़ा, वही बताया मैंने."

मग एका बुधवारी नऊचा मेल आला नाही. साडेनऊ झाले, दहा झाले. नाहीदने खिडकी बंद केली, सगळे जुने मेल छापले आणि भर ओपीडीत दिव्यानी मॅडमच्या टेबलावर ठेवले.

"मॅडम, आज मेल नाई आला. याचा अर्थ सर्वर बरा झाला असा नाई. एक तर तो बंद पडला, नाईतर कोनं त्याचं तोंड दाबलं."

मॅडमनी बापूरावांकडून चावी मागवली. सर्वर चालू होता. लॉगमध्ये लिहिलं होतं : मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी कंपनीच्या खात्यातून कुणीतरी दुरूनच सर्वरमध्ये शिरलं आणि मेल पाठवायचं काम पुसून टाकलं. मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली.

"लालसूची नोंद आहे का आत्ता?"

"आज आहे. उद्याचं मी नाई सांगू शकत."

संध्याकाळपर्यंत बसून नाहीदने सगळ्या नोंदी बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. मेलही पुन्हा सुरू केले, आणि कंपनीचा पासवर्ड बदलला. नवव्या दिवशी ऐन ओपीडीत जुनी डिस्क बसली ती उठलीच नाही. चार तास नोंदणी हाताने झाली, नवी डिस्क लागली, साडेआठशेच्या साडेआठशे नोंदी परत आल्या. त्याच आठवड्यात लालसू रक्तासाठी आला, आणि सिस्टरने पिशवी मागवण्याआधी त्याची ओळ मोठ्याने वाचून घेतली.

पुढच्या महिन्यात ट्रस्टची बैठक भरली. नाहीदला माहिती द्यायला बोलावलं होतं. सांगून झाल्यावर एक विश्वस्त म्हणाले, "बाई, आता बाहेर बसा. कंपनीच्या कराराचं आम्ही ठरवतो."

"मी इथीच बसते," नाहीद म्हणाली. "लॉग रोज दवाखान्याचाच मानूस वाचनार, हे करारात लिवल्याबिगर मी उठत नाई."

बापूराव खिडकीबाहेर पाहत होते. नाहीदने खुर्ची टेबलाजवळ ओढली. दीड तास ती तशीच बसली, आणि कलम लिहून झाल्यावर तिने ते हातात घेऊन शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.