शेंदराखालचा नंबर

दुष्काळात मराठवाड्यात फिरतं कोण? टँकरवाले, पाहणी पथकं आणि माझ्यासारखे रिकामटेकडे. जुन्या लष्करी बंदुकांवरचे शिक्के वाचायचा मला निरुपद्रवी छंद आहे. म्हणून कंधारच्या अप्पांनी फोन केला, "सर, तात्यांची बंदूक वाचून द्या," आणि मी नांदेडहून सकाळची एसटी धरली.

जाणाऱ्यांसाठी सूचना: पाणी घरून न्या. कंधार स्टँडवर चहा दहा रुपयांना मिळतो, पाणी मागितलं की हॉटेलवाला आपल्याकडे पाहुण्यासारखं नाही, चोरासारखं बघतो. किल्ल्याचा खंदकही कोरडाच, आता शत्रू चपलेनिशी आत येईल.

अप्पा सत्तरीचे, किराणा दुकानदार. मूळ गाव उदगीरकडलं. त्यांचे वडील, म्हणजे तात्या, मुक्तिसंग्रामात निजामाच्या शिपायाकडून बंदूक हिसकावून घेऊन आले होते. सरकारदरबारी त्यांचं नाव कुठंच नाही. उदगीर जिल्हा होणार, या भरवशावर तिथं एका समितीनं वस्तुदालन थाटलं होतं. समितीची अट एकच: बंदूक निजामाचीच असल्याची खूण दाखवा, तर वडलांच्या नावानं काचेत ठेवू.

बंदुकीची नळी कायद्याप्रमाणं कायमची बुजवलेली होती, तशी कागदपत्रंही होती. मुठीजवळच्या पोलादी पट्टीवर मुकुटाचा शिक्का, कारखान्याचं नाव, साल असं सगळं असायला हवं होतं. पट्टी आरशासारखी! माझंच तोंड दिसलं.

"चाळीस वर्षं दर खंडेनवमीला पॉलिश पेपरनं घासून राहिलो, सर," अप्पा कौतुकानं म्हणाले.

इतक्या भक्तीपुढं कुठला कारखाना टिकणार? उरली होती लाकडी दस्त्यात बसवलेली पितळी चकती. पलटणीचं नाव तिच्यावर असतं. पण तिथं शेंदराचा बोटभर थर. मी चाकू मागितला.

"देवाची साल काढून राहिले की हो हे!" अप्पांच्या पत्नी, काकू, ओरडल्या.

अप्पांनी चाकू माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "काढा, सर. देव घरचाच हाय. रागावला तर घरातच रागावंल."

खपल्या पडल्या. खाली लख्ख पितळ, हैदराबादी पलटणीची अक्षरं आणि नंबर. अप्पांनी तो तीनदा मोठ्यानं वाचला. काकूंनी खपल्या पदरात वेचल्या.

दुसऱ्या दिवशी जळकोटमार्गे उदगीर. जीप करा, पण काच बंद ठेवा, धूळ फुकट मिळते. जिल्हा झाला नव्हता, तरी दुकानांच्या पाट्यांवर 'जि. उदगीर' रंगवून तयार. पाणी कधी येणार ते मात्र कुणी रंगवलं नव्हतं.

समितीच्या सचिवांनी आधी दानपत्रावर सही घेतली, मग चकती बघितली.

"बंदूक पलटणीची, हे पटलं. तुमच्या वडलांनीच आणली, हे कुठं कोरलंय?"

"हिसकावून पळणारा माणूस नाव कोरत बसतो व्हय, साहेब?"

"मग पुरावा?"

"पुरावा म्हणून तर बंदूक आणली की!"

अप्पांनी ती उचलायला हात पुढं केला. सचिवांनी दानपत्रावर बोट ठेवलं. मी तावातावानं बोललो. एरवी माझ्या जिभेला सगळा तालुका भितो, तिथं समितीच्या दारावरच्या शिपायानंही मान वर केली नाही. संध्याकाळच्या आत काचेवर चिठ्ठी लागली: पलटणीचं नाव, नंबर, खाली 'निजामकालीन'. ज्याच्या हातातून बंदूक गेली त्याची पलटण काचेत, ज्यानं नेली तो बाहेर. आणि ती अक्षरं वाचून देणारा मी.

परतीच्या जीपमध्ये अप्पा एवढंच म्हणाले, "निदान साल तरी काढायला नको होती."

घरी आल्यावर प्रवासात काय कमावलं म्हणाल तर काही नाही. खंडेनवमीला न राहवून फोन केला. काकूंनी उचलला.

"पूजा झाली का, काकू?"

"झाली की. त्या खपल्या वाटीत ठेवल्या होत्या ना, त्याच पाटावर मांडल्या."

"अप्पा कुठायत?"

"तिथंच बसलेत. हातात पॉलिश पेपर घेऊन."