बिंदुसरेपलीकडचा दवाखाना

किस्से काही ठरवून गोळा होत नाहीत, मंडळी. ते आपसूक साचतात, आणि माणसं जिथं घाबरलेली असतात तिथं जरा जास्तच साचतात. घाबरलेला माणूस काय करील याचा नेम नसतो. मी बीडला बिंदुसरा नदीपलीकडच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. तिथं आजारी माणूस घाबरलेला, धडधाकट त्याहून घाबरलेला, आणि सगळ्यांत घाबरलेला मी!

त्या साली शिरूरकडं पावसानं तोंडच दाखवलं नव्हतं. विहिरी आटल्या तशी माणसं बिऱ्हाडं डोक्यावर घेऊन बीडला आली, सडकेची खडी फोडायला. गावात त्यांना कोण जागा देतंय? त्यांनी नदीपलीकडं पालं ठोकली. पेठेतले किसनशेट तसे भले गृहस्थ, पण हे लोक गावात रोग आणणार हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यांनी तालुकदारांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरच्या, कचेरीत इतके हेलपाटे घातले की शेवटी हुकूम सुटला. वस्तीत पटकीचा, गाठीचा किंवा देवीचा एक जरी रोगी निघाला, तर अख्खी वस्ती उठवायची आणि हद्दीबाहेर नेऊन सोडायची.

हद्दीबाहेर म्हणजे कुठं? जिथून आले तिथं प्यायला थेंब नव्हता. हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्हालाही.

आम्ही म्हणजे तिघं. हैदराबादेहून आलेले डॉक्टरसाहेब, गंगूबाई दाई आणि मी दामू. पत्र्याच्या शेडात आमचा दवाखाना. औषध द्यायचं, बाळंतपणं करायची, कामाची चिठ्ठी कुठं मिळते ते सांगायचं, आणि रोज हात जोडून म्हणायचं, देवा, आज काही निघू देऊ नको.

*

साहेबांनी पहिल्याच आठवड्यात वस्तीच्या विहिरीत लाल दवा टाकली, पाणी शुद्ध व्हावं म्हणून. सकाळी बाया घागरी घेऊन आल्या, आत डोकावल्या आणि जागच्या जागी थबकल्या. कोंडाबाई म्हणून एक म्हातारी होती, वस्तीत तिचा शब्द चाले. तिनं सगळ्यांना मागं सारलं. "हिरीला न्हाण आलंय गं. चार दिस शिवायचं न्हाई."

झालं! विहीर बाजूला बसली. काठावर कुणी हिरव्या बांगड्या ठेवल्या, कुणी खण ठेवला, आणि पाण्यासाठी सगळ्याजणी निघाल्या नदीतल्या डबक्याकडं. गुरं ज्यात बसतात त्या. साहेबांनी कपाळ धरलं. "अरे गंगूबाई, चार दिन काहे को? आज ही नहला दो उसको!"

गंगूबाई म्हणाली, "न्हाऊ घालते की साहेब. पर कशानं घालू? पानी तर तिच्यातच हाय."

पाचव्या दिवशी बाया आपणहून विहिरीवर आल्या. तोवर मी नदीकडं बघत पटकीचाच विचार करत होतो. दोन घास सुखानं पोटात गेले नाहीत.

*

एकदा एका सुनेला ताप आला म्हणून तिचा सासरा तिला घेऊन आला. साहेब म्हणाले, जीभ दाखवा. सून पदर पुढं ओढून उभी. सासऱ्यासमोर जीभ काढायची म्हणजे काय गंमत आहे? साहेबांनी दोनदा सांगितलं, मी तीनदा सांगितलं. सून ढिम्म.

शेवटी म्हाताराच पुढं आला आणि हातभर जीभ बाहेर काढून उभा राहिला. "हीच बघा साहेब. एकाच चुलीवरचं खातो आमी."

साहेबांनी ती बघितली सुद्धा. मग म्हाताऱ्याला बाहेर बसवून गंगूबाईनं सुनेची बघितली. साधा थंडीताप निघाला, आणि माझ्या जिवात जीव आला.

*

माझं तुम्हाला माहीतच आहे. काळीज सशाचं. गाठीच्या तापाची धास्ती अशी की रोज सकाळी उठल्या उठल्या शेडामागं जाऊन मी आपली बगल चाचपून बघायचो. एकदा साहेब नेमके तिकडून आले. मी हात वर करून उभा.

"क्या दामू," ते म्हणाले, "मिली क्या?"

त्यांनी डोळा मारला आणि पुढं गेले. पण दुसऱ्या दिवशी तेच शेडामागं उभे होते, हात वर करून.

*

नदीच्या उतारावर एक जवान पहाऱ्याला असायचा. वस्तीतलं कुणी आजारी माणूस गावात जाऊ नये म्हणून. लई गुरकावायचा. "ए बे, कुठं चालला? खोकून दाखव आधी!"

एका दुपारी मी शेडात शिरलो तर हा गडी औषधाच्या टेबलाखाली घोंगडं घेऊन कुडकुडत पडलेला. मी म्हटलं, "अरे, घरी जा की."

"घरी कावून धाडता? शेजाऱ्यानं ताप बघितला की आमचा बी मोहल्ला उठवतील," तो म्हणाला. "हितंच ऱ्हातो. हितं कुनी चुगली करत न्हाई."

त्याला नुसतं ऊन लागलं होतं. बरा होऊन तो पुन्हा पहाऱ्यावर गेला, पण त्यानंतर कुणाला खोकून दाखवायला लावलं नाही.

*

आता हे जरा हसून सांगतो, पण तेव्हा हसू आलं नव्हतं. साहेब वस्तीत फेरीला निघाले की पालापालातून जात्यांची घरघर सुरू व्हायची. भर दुपारी दळण! साहेब खूश. म्हणाले, "मेहनती लोग हैं." चार फेऱ्या झाल्यावर त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "दामू, इनके पास जवारी तो है नहीं. फिर ये पीस क्या रहे?"

आम्ही एका पालात वाकून बघितलं. कोंडाबाई जातं ओढत होती आणि जात्यात एक दाणा नव्हता. मागं तिचा नवरा तोंडात धोतराचा बोळा घालून खोकत होता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सगळी वस्ती रिकामी जाती फिरवत होती.

गंगूबाई हळूच म्हणाली, "खोकला दळत्याती, साहेब."

साहेबांनी म्हाताऱ्याला तपासलं. जुना दमा होता, हुकमातला रोग नव्हता. पण साहेब त्या रात्री जेवले नाहीत, आणि मला फार वाईट वाटलं.

*

आणि मग ज्याला भीत होतो ते झालंच. सोनी नावाची पोर होती, सातआठ वर्षांची. आईबाप वाटेतच गेलेले, ही वस्तीबरोबर चालत आलेली. आज या पालात जेवायची, उद्या त्या पालात निजायची. तिच्या अंगावर देवी फुटल्या.

साहेबांनी लपवलं नाही. कचेरीत कळवलं, आणि हात जोडून सांगितलं की वस्ती उठवू नका, रोग चारी वाटांनी पसरेल, मला लोकांना टोचू द्या. कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या सकाळी पोलिसांचे अमीनसाहेब आले, मागं गावातल्या बैलगाड्या आणि सोबत किसनशेट. बायांनी रडत पालं सोडायला घेतली.

पहिल्या गाडीत सोनीला घालायचं होतं. गाडीवान ती निजली होती त्या पालाशी गेला, देवीसाठी दाराला बांधलेले लिंबाचे टाळे बघितले आणि पायातल्या वहाणा काढून उभा राहिला. अंगात देवी आलेली पोर म्हणजे साक्षात आई. तिला विचारल्याशिवाय हलवायचं कसं? "आईनं हो म्हणल्याबिगर चाक हलायचं न्हाई," तो म्हणाला. बाकीच्या गाडीवानांनीही जू खाली ठेवलं.

अमीनसाहेब वैतागले. "तो पूछो ना भई, जल्दी!"

विचारणार कोण? सगळे किसनशेटांकडं बघायला लागले. शेटजींनी पागोटं सारखं केलं, पालाबाहेर गुडघे टेकले आणि हात जोडले. "आई, निघायचं ना?"

सोनीचे डोळे सुजून मिटलेले. तिला समोर कोण आहे ते दिसत नव्हतं. ती जरा थांबली आणि म्हणाली, "चला की. तुमच्या घरी जाऊ."

आईला नको कसं म्हणणार? आणि ये तरी कसं म्हणणार, घरात शेटजींची चार नातवंडं. शेटजींच्या कपाळावर घाम आला. मग त्यांनी जमिनीला डोकं लावलं.

"आईनं हितंच ऱ्हावं," ते म्हणाले. "वस्तीला कुणी हात लावायचा नाही. तालुकदारसाहेबांचं मी बघतो."

अमीनसाहेबांनी डॉक्टरांकडं बघितलं, डॉक्टरांनी जमिनीकडं. गाडीवानांनी गाड्या वळवल्या. बायांनी सोडलेली पालं पुन्हा ठोकायला घेतली. मी आनंदानं रडलो, खोटं कशाला सांगू.

गाड्या नदीत उतरल्या, चाकांचा खडखडाट दूर दूर जायला लागला. सोनीनं चाचपडत उशाशी बसलेल्या गंगूबाईचा हात धरला.

"दाई, आपली गाडी कवा निघायची?"