तिसरं पिस्तूल

लष्करातून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांना दोन नाद लागले. सकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायचं आणि जुनी लष्करी पिस्तुलं जमवायची. लष्कराने वापरातून काढलेली पिस्तुलं अधिकाऱ्यांना परवान्यावर रीतसर विकत घेता येतात, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं. पहिलं घरात आलं तेव्हा मी विचारलं, "ह्याचं करणार काय?"

"करणार काय म्हणजे? बघणार."

आणि खरोखर ते बघतच असत. जेवणं झाली की कपाटाचं कुलूप काढायचं, जुन्या पंच्यावर पिस्तूल ठेवायचं, तेलाचा हात फिरवायचा, पुन्हा कुलूप. गोळी त्यांनी घरात कधी आणलीच नाही. दुसरं आलं तेव्हा मी म्हटलं, पहिल्याला सोबत झाली.

तिसऱ्यापाशी घोडं अडलं. त्यांचे पलटणीतले एक मित्र पुण्यात असतात. त्यांनी आपलं लाकडी मुठीचं जुनं पिस्तूल विकायला काढलं. पण एका परवान्यावर दोनच बसतात. मग आमचे हे माझ्या अवतीभवती घुटमळायला लागले. न सांगता नारळ खवून दिला. चहाचे कप विसळले. मी वाट बघत होतेच.

"तू काढतेस का परवाना?" शेवटी म्हणाले. "फक्त नावापुरता."

"म्हणजे पिस्तूल माझं?"

"कागदावर."

"मग तुम्ही हात लावलात तर गुन्हा होईल की!"

हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. जरा विचार करून म्हणाले, "तू समोर बस ना. तुझ्या देखरेखीखाली पुसेन."

हे मला फारच आवडलं. मी सही केली.

पोलीस चौकशीसाठी बोलावणार म्हणून ह्यांनी माझी तयारी करून घेतली. मी भाकऱ्या थापतेय आणि हे दारात उभे राहून साहेबाच्या आवाजात विचारताहेत, "शस्त्र कशासाठी हवं?" मी म्हणायचं, "स्वसंरक्षणासाठी. मुलं मुंबईला, आम्ही दोघंच असतो."

पोलीस ठाण्यातला अधिकारी तरुण आणि अदबशीर निघाला. ह्यांना त्याने बाहेरच्या बाकावर बसवलं. खिडकीतून मला दिसत होते. ताठ बसलेले, आणि माझी उत्तरं ओठांतल्या ओठांत म्हणत होते.

"काकू, पिस्तूल कशासाठी हवंय?"

"स्वसंरक्षणासाठी."

"भीती कुणापासून आहे?"

हा प्रश्न तयारीत नव्हता. माझी नजर खिडकीकडे गेली आणि जीभ आवरेना.

"आमच्या ह्यांच्यापासून," मी म्हटलं. "त्यांच्याकडे दोन आहेत."

तो हसेल असं मला वाटलं होतं. त्याने पेन खाली ठेवलं, एका महिला पोलिसाला बोलावलं आणि माझ्यासाठी पाणी मागवलं. "काकू, घाबरू नका. मोकळेपणाने सांगा." मी थट्टा केली हो, असं सांगायला गेले तर मलाच हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तिने हळूच रुमाल पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या आळीत चौकशीला आली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "ते? ते कसले मारताहेत! ही ओरडली की अंगणात जाऊन उभे राहतात." चौकशी तिथेच मिटली. बातमी मात्र तोवर मासळीबाजारात पोचली होती. संध्याकाळी हे मासे आणायला गेले ते रिकामी पिशवी घेऊन, लालबुंद होऊन परतले. आमच्या नेहमीच्या मासेवाल्या मावशीने ह्यांना बघून टोपलीवर फडकं ओढलं होतं. वर म्हणाली होती, "बायकोवर पिस्तूल रोखतोस नि सुरमय खायला हवी?"

सकाळी मी निस्तरायला गेले. "अगो मावशी, मी मस्करी केली होती."

तिने माझा हात घट्ट धरला. "सगळ्या असंच बोलतात गो," म्हणाली आणि पिशवीत एक पापलेट जास्तीचं टाकलं.

भीती कुणाचीच नाही म्हटल्यावर माझा अर्ज नामंजूर झाला. हे दोन दिवस फुगून बसले. मग स्वतःच तोडगा काढला. आपलं दुसरं पिस्तूल लष्करात अजून नोकरीवर असलेल्या एका अधिकाऱ्याला रीतसर विकलं आणि पुण्याचं घेतलं. ते खरंच देखणं आहे. पुसायला काढलं की आता मीही समोर जाऊन बसते. त्यांना आवडतं, पण तसं म्हणत नाहीत.

मासे मात्र आता मीच आणते. सुरमईच्या मधल्या तुकड्या माझ्यासाठी बाजूला ठेवलेल्या असतात. घरी हे खाली मान घालून त्या जेवतात. काल घास थांबवून म्हणाले, "तू बाजारातल्या बायांना अजून खरं सांगितलं नाहीस?"

"सांगते ना," मी म्हटलं आणि त्यांच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. "हंगाम तर संपू दे."