गाण्यातली खडखड

माझ्या दुकानात ते कधी बसत नाहीत. काउंटरला टेकून दोन बोटांनी ताल धरतात आणि माझा चहा न विचारता पितात. वय सत्तरीचं. तरुणपणी ते यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला होते. तिथंच, माग चालू असताना, त्यांच्या बँडनं एक फंक, म्हणजे पाश्चात्त्य नाचऱ्या ठेक्याचं, गाणं रेकॉर्ड केलं. तबकडी निघाली, पण सोलापुरात ती कुणी ऐकली नाही. आता परदेशातली एक कंपनी ती पुन्हा काढतेय.

जुन्या तबकड्या कॉम्प्युटरवर घेणं हे माझं काम. मी गाण्यामागची मागांची खडखड पुसली आणि त्यांना न विचारता फाइल कंपनीला पाठवूनही दिली. काल त्यांनी ती ऐकली.

"शेठ, अण्णा कुटं गेला?"

"कोण अण्णा?"

"माझा थोरला भाऊ. आमी वाजवत हुतो तवा माझे बी माग त्योच चालवत हुता की. थांबले असते तर कारखानदार धावत आला असता. अण्णाची तेवढीच निशाणी हाय."

गप्प बसून निभावून न्यायची माझी जुनी सवय. या वेळी मात्र बोललो, "फाइल गेलीय. त्यांना स्वच्छ आवाजच हवाय."

"मग गाणंच काढू नका म्हणावं. लिवा."

"अहो, एवढ्या वर्षांनी संधी आलीय!"

"लिवा की! हात दुखत्यात व्हय?"

मी लिहिलं, खडखडीसकट काढा नाहीतर काढूच नका, आणि मूळ फाइल जोडली. मग तबकडीवर छापायला वादकांची नावं विचारली.

"ड्रमवर मी," ते म्हणाले. "पर त्याच्या आदी लिवा, मागावर अण्णा."