लेफ्टला मोहाचं झाड

जिंकलेल्या मॅचचं बोलणं चहा संपेपर्यंत पुरतं. हरलेली मॅच मात्र आठवडाभर चघळता येते! आमची फुटबॉलची टीम जवळजवळ दर रविवारी हरायची, तेव्हा माझ्याकडे किस्से किती साठले असतील ते तुम्हीच बघा.

नव्वदच्या दशकाचा शेवट. राजुऱ्याच्या पुढे कोळसा खाणीची कॉलनी, तिथे मी वायरमन. फाट्यावर राजय्याचं चहाचं दुकान आणि समोर नाल्यावरची पुलिया. मॅच हरली की सगळे त्या पुलियाच्या कठड्यावर येऊन बसायचे. मधली जागा वामनभाऊंची. ते खाणीत हजेरी घेणारे क्लार्क. जन्मात बॉलला पाय लावला नाही, पण टॅक्टिक्सच्या बाबतीत त्यांच्या तोंडी लागायची कोणाची हिंमत नव्हती. माझीसुद्धा नाही, आणि मी काही गप्प बसणारा माणूस नाही!

*

वामनभाऊ फॉर्मेशन समजवायचे ते राजय्याच्या ग्लासांवर. चार मागे, चार मधे, दोन पुढे. गोलकीपर म्हणजे चहापत्तीचा डबा. मागच्या चारांत मारोतीच्या जागी मात्र साखरेची बरणी. मारोती आमचा बॅक, खाणीच्या कॅन्टीनमध्ये आचारी, अंगाने दोन माणसांचा. बॉल बाजूने निघून गेला की मग तो मान वळवायचा. "हालत काऊन नाई बे?" हे वाक्य त्याने स्वतःच्या नावापेक्षा जास्त ऐकलं असेल.

"हा पाहा," वामनभाऊ बरणीवर बोट ठेवून म्हणायचे, "सुरुवातीले होता तिथीच आहे."

मारोती तिथेच बसलेला असायचा. "भाऊ, झाकण तरी लावा, मुंग्या लागून राह्यल्या मले," एवढंच म्हणायचा बिचारा.

एकदा चर्चा अशी रंगात आली असताना पाच-सहा ट्रकवाले चहाला थांबले. राजय्याने येऊन पुढचे दोन ग्लास उचलले, विसळले आणि त्यात चहा ओतला.

वामनभाऊ खवळले, "राजय्या, माहे स्ट्रायकर कुठी नेले?"

"गिऱ्हाईकाले दिले. इथी तरी काय करून राह्यले होते?"

त्या सीझनमध्ये तोवर आमचा एकही गोल झालेला नव्हता.

*

आता आमचं ग्राउंड. लेफ्टला, साइडलाइनच्या चांगलं आत, एक मोहाचं झाड उभं होतं. हो, खेळायच्या जागेतच! झाड भीमाबाई मडावीचं. जमीन कोणाची का असेना, आमच्याकडे मोहाचं झाड त्याची फुलं वेचणाऱ्या घराचं मानतात. शिवाय झाड आधीचं आणि ग्राउंड नंतरचं. त्यामुळे नियमच असा होता, की बॉल झाडाला लागला तर खेळ चालू.

चंद्रपूरहून एक रेफरी पहिल्यांदाच आले. झाडाभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "हे काय आहे?"

"लेफ्ट हाफ आहे सर," मी म्हटलं. "जुना प्लेअर आहे."

वर तो मोहाचा सीझन. सकाळी सातची मॅच, आणि झाडाखाली पिवळा सडा पडलेला. भीमाबाई टोपली घेऊन शांतपणे वेचतेय. रेफरी घड्याळ दाखवून म्हणाले, "बाई, मॅच सुरू करायची आहे."

"तुमची मॅच तं दर आयतवारी राह्यते बाबू," ती मान वर न करता म्हणाली. "मोह वर्षातून एकदाच पडते."

दोन्ही टीम कडेला बसून राहिल्या. वेचून झाल्यावर तिने आपल्याजवळच्या कॅनमधलं प्यायचं उरलेलं पाणी झाडाच्या बुडाशी ओतलं. हे तिचं रोजचंच. रेफरी शिट्टी तोंडाला लावतात तोच तिने हात वर केला. "थांबा थोडं. पाणी मुरू द्या, मंग कुदा."

रेफरी थांबले!

*

भीमाबाईचा मुलगा शंकर आमचा लेफ्ट विंगर. आमच्या टीममध्ये फुटबॉल येणारा हा एकच, असं म्हटलं तरी चालेल. तो त्या झाडाखालीच खेळून मोठा झाला. बॉल घेऊन सुसाट यायचा, बॉल बुंध्यावर मारायचा, स्वतः वळसा घालून पलीकडे जायचा, तोवर बॉल बुंध्यावरून उसळून त्याच्या पायाशी! समोरचा बॅक झाडाच्या अलीकडेच राहायचा. आमचे पुढे जे थोडेफार गोल झाले ते सगळे असेच झाले.

एकदा बल्लारपूरच्या बॅकने शंकरच्या मागे धावताना झाडाला खांदा आपटून घेतला आणि फाउल मागितला. आता रेफरी चांगले सरावले होते.

"कोणी मारलं?"

"झाडानं."

"ते तर जागेवरच उभं आहे. तू गेलास त्याच्या अंगावर. फाउल तुझा!"

त्या दिवशी आम्ही हरलो, पण पुलियावर वामनभाऊंचा चेहरा खुलला होता.

*

मग बल्लारपूरला जाऊन खेळायची वेळ आली. सपाट, मोकळं, चुन्याच्या रेघा मारलेलं ग्राउंड. आम्ही म्हटलं, आता शंकरला मोकळं रान मिळालं.

शंकर बॉल घेऊन सुसाट निघाला. समोर कोणी नाही. आणि मधेच त्याने बॉल डावीकडे जोरात मारला, स्वतः उजवीकडून छान वळसा घातला, आणि पलीकडे जाऊन बॉलची वाट बघत उभा राहिला! बॉल कधीच बाहेर गेला होता.

एकदा झालं असतं तर चालून गेलं असतं. प्रत्येक वेळी तेच. पाय ऐकेचनात पोराचे. शेवटी बल्लारपूरचे लोक त्याने वळसा घातला की टाळ्या वाजवायला लागले. चार गोलांनी हरलो. परत येताना मेटॅडोरमध्ये शंकर मागच्या फळकुटाला टेकून बसला होता आणि त्याने एकदाही मान वर केली नाही. मला फार वाईट वाटलं, खरं सांगतो.

*

त्या संध्याकाळी पुलियावर ग्लास मांडलेच नाहीत. वामनभाऊ सरळ म्हणाले, "झाड तोडा लागते."

"भाऊ!" मारोती दचकला.

"भाऊ काय? ते झाड हाये तोवर हा पोरगा बाहेर कुठीच खेळू शकत नाई. चंद्रपूरवाले याले जिल्ह्याच्या टीममंदी घेतो म्हनून राह्यले होते. असा वळसा घालताना पाह्यलं तं घेतीन का?"

शंकर उठला. "माय त्याच झाडावर जगली भाऊ. मलेही त्याच्यावरच पोसलं. तोडलं तं मी नाई खेळत."

"अन् नाई तोडलं तं तुले खेळता येत नाई!"

शंकर निघून गेला. वामनभाऊ हट्टाला पेटले होते. रविवारी पहाटे, कोणी यायच्या आत, झाड पाडायचं असं ठरलं. मला ते पटलं नव्हतं आणि मी तसं बोललोही. पण गेलो सगळ्यांबरोबर.

*

वामनभाऊंनी कुऱ्हाड जर्सीत गुंडाळून आणली होती. जाऊन बघतो तर भीमाबाई आमच्याही आधी हजर! झाडाखाली ओणवून वेचत होती.

"इतक्या सकाळी काऊन आले भाऊ?" तिने विचारलं.

वामनभाऊंकडे सगळ्यांनी बघितलं. कोणत्याही टीमचा डिफेन्स कुठे फुटतो हे सांगणारा हा माणूस जर्सी पाठीमागे लपवायला लागला.

"फुलं येचाले," ते म्हणाले.

"अन् ते जर्सीत काय हाये?"

"साप-गिप निघाला तं असावी म्हनून..."

भीमाबाईने जर्सीतून बाहेर आलेल्या दांड्याकडे बघितलं, मग वामनभाऊंकडे बघितलं. आणि दोन टोपल्या आमच्यापुढे सरकवल्या.

ऊन चढेपर्यंत आम्ही मोह वेचला! वामनभाऊ कंबर धरून ओरडत होते, "मारोती, तू सेंटर धर! राजय्या, लेफ्ट रिकामा हाये, लेफ्टले जा!" टोपल्या भरल्या, मग ती जर्सीही भरली. कुऱ्हाड गवतात पडून होती.

उरलेलं पाणी झाडाला घालून भीमाबाई म्हणाली, "खेळता येत नाई तुमाले, पन येचता बरं."

पुन्हा झाड तोडायचं नाव कोणी काढलं नाही. पण शंकरचं काय, हा प्रश्न होताच.

*

पुढच्या वेळी बल्लारपूरला जायचं ठरलं तेव्हा जिल्ह्याची टीम निवडणारे दोघं तिथे येणार अशी खबर होती. शंकर यायला तयार नव्हता. "पुन्हा हसतीन," म्हणाला. मॅचच्या आदल्या संध्याकाळी वामनभाऊंनी राजय्याचे सगळे ग्लास मांडले, बराच वेळ बघत राहिले, आणि मग साखरेची बरणी मागून उचलून पुढे लेफ्टला नेऊन ठेवली.

"मारोती, उद्या तू मोह."

"काय करू मंग भाऊ?"

"काईच नाई. तिथी उभा राह्य. काई झालं तरी हालू नको. मी सांगीन तवाच हालजो."

मारोतीचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला जमेल असं काहीतरी कोणी सांगितलं होतं!

मेटॅडोरमध्ये या वेळी शंकरच्या शेजारी भीमाबाईही बसली, मांडीवर पाण्याची कॅन घेऊन. मॅच बघायची म्हणून ती पहिल्यांदाच गावाबाहेर निघाली होती.

मारोती पाय रोवून उभा राहिला. शंकर बॉल घेऊन आला, बॉल मारोतीच्या पोटरीवर हाणला, वळसा घातला, बॉल उसळून पायाशी! बल्लारपूरचा बॅक अलीकडेच राहिला आणि शंकरने गोलकीपरच्या डोक्यावरून बॉल आत घातला. या वेळीही टाळ्या वाजल्या, पण त्यात कोणी हसत नव्हतं. निवडणाऱ्या दोघांपैकी एकाने उठून शंकरचं नाव विचारलं.

मॅच आम्ही हरलो. दोन-एक. रात्री पुलियावर वामनभाऊंचं म्हणणं होतं, "दोन झाडं लावले असते तं जिंकलो असतो."

पण मला सांगायचंय ते शेवटच्या शिट्टीनंतरचं. आम्ही धावत जाऊन शंकरला खांद्यावर घेतलं. ग्राउंड रिकामं झालं. मारोती मात्र तिथेच उभा! पोटरी लाल झालेली, अंगावर घामाच्या धारा, नजर समोर. त्याला हालायला कोणी सांगितलंच नव्हतं.

भीमाबाई कॅन घेऊन ग्राउंडवर आली. शंकरला पाणी पाजलं. मग सावकाश चालत मारोतीपाशी गेली आणि उरलेलं सगळं पाणी तिने त्याच्या पायांवर ओतलं.

मारोतीने डोळे पुसले. तिथूनच आवाज दिला, "भाऊ, आता हालू का?"

वामनभाऊंनी त्याच्या ओल्या पायांकडे बघितलं.

"थांब थोडं," ते म्हणाले. "पाणी मुरू दे."