सिंदफणेच्या वाळूतला तंबू

सकाळचे सहा. बीड. सलीमभाईंच्या गॅरेजसमोर तीन सायकली उभ्या होत्या आणि भाभी दारात.

आमच्या सायकल ग्रुपमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत, पंक्चरसारखे ते होतच राहतात. पण सिंदफणेच्या काठाकाठानं माजलगावकडं निघालो, त्या एका दिवसानंच पोतं भरलं. मी आयुष्यभर बातमीदारी केलेला, जोगदंड सर गणिताचे निवृत्त मास्तर आणि सलीमभाई मेकॅनिक. त्यांची अँजिओप्लास्टी होऊन फार काळ लोटला नव्हता. डॉक्टरांनी सायकलीला हो म्हटलं होतं, भाभींनी नाही. शेवटी माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "भाई, जैसे ले जा रहे, वैसेच वापस लाके देना."

यापेक्षा कोर्टाची नोटीस परवडली.

*

पहिल्या तासात मी सलीमभाईंना दर चढाला विचारत होतो, दम लागला का, थांबायचं का. शेवटी ते वैतागले.

"तुम्ही विचारलं की लागतो."

*

एका गावच्या पारावर म्हाताऱ्यांनी अडवलं. पोलिसांनी गाडी धरली का, इथपासून चौकशी सुरू. सर म्हणाले, हौस म्हणून चालवतो. कुणाला पटेना.

"पेन्शन हाय का?" एकानं विचारलं.

"आहे."

"मग कावून चालवता?"

आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारणारे सर सायकलची घंटी पुसू लागले. तोवर चहा आला होता, आणि चहा घेतल्याशिवाय पुढं जाऊ देतील ती माणसं कसली!

*

पुढं नदीला लागून एक रस्ता आहे. म्हणजे असायला हवा. त्याच्या भूमिपूजनाची बातमी मीच दिली होती. नारळ फोडलेला दगड अजून जागेवर होता, रस्ता तेवढा नव्हता.

तिथंच बाभळीच्या काट्यानं सरांचं चाक बसलं. सलीमभाईंनी पाने, पॅच, सोल्युशन असं सगळं मांडलं. पंप नव्हता! गॅरेजमध्ये कायम कॉम्प्रेसरची नळी हाताशी. हवा हातानंही भरावी लागते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

"तरी म्हटलं, मेकॅनिकची पिशवी इतकी हलकी कशी," सर म्हणाले.

मोटारसायकलवरून जाणारा एक दूधवाला थांबला. त्यानं भरलेले कॅन उतरवून आमच्याजवळ ठेवले आणि पंप आणायला गावात गेला. आमची नावंसुद्धा विचारली नाहीत. बीडचा आहे म्हटलं की बाहेरचे लोक मला काय काय ऐकवतात! त्यांना आणून ते कॅन दाखवायला हवे होते.

*

संध्याकाळी नदीच्या कोरड्या पात्रात मऊ वाळू बघून तंबू ठोकला. सलीमभाई आडवेही झाले. तेवढ्यात शेळ्या घेऊन कौसाबाई आल्या. काठावरच त्यांचं घर. हितं झोपू नका म्हणाल्या. सरांनी गार वाऱ्याचं कारण सांगितलं.

"वारं वर बी हाय."

मी खोदून विचारलं, इथं अडचण काय आहे? पेपरवाला आहे, हेही सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पेपरवाले तुमी. मग मला कावून इचारता?"

एवढं बोलून त्यांनी स्वतःच खुंट्या उपटल्या. आम्ही सामान घेऊन त्यांच्या मागं निघालो. अंगणात सलीमभाईंना बाज मिळाली, आम्हाला घोंगड्या. सलीमभाईंचं पथ्य समजल्यावर त्यांची भाजी वेगळी, बिनतेलाची झाली. घरातल्या आजारी माणसासाठी करावी तशी.

*

सकाळी पात्रातल्या डबक्यावर पाणी प्यायला शेळ्या खाली उतरल्या, त्यांच्यामागं आम्हीही गेलो. खुंट्यांची भोकं तशीच होती. त्या चार भोकांच्या मधून ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या टायरांचे खोल पट्टे गेले होते. शेजारी वाळू उपसल्याचा ताजा खड्डा. सलीमभाईंची उशी होती तिथं पट्टा सगळ्यात खोल होता.

सलीमभाईंनी वाकून पट्ट्याची खोली वितीनं मोजली. मग वर जाऊन कौसाबाईंसमोर हात जोडून उभे राहिले. "अगोदर च्या घ्या," त्या म्हणाल्या.

मी तिथूनच तहसील कार्यालयातल्या संबंधित साहेबांना फोन लावला.

"त्या भागात वाळूउपसा बंद आहे," साहेब म्हणाले. "पात्रात वाहन उतरतच नाही."

टायरांच्या पट्ट्यांचा फोटो काढून त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. लगेच दोन निळ्या खुणा दिसल्या. टायर कुणाचे, ते अजून कळवलेलं नाही.